नूडल्सचा राखीव डबा: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

अडचणीच्या दिवसांसाठी इन्स्टंट नूडल्स भरून ठेवायच्या म्हणताय, ते योग्यच आहे. स्वस्त, हलक्या, आणि दोन-तीन मिनिटांच्या आचेवर होणाऱ्या. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. नूडल्सची वडी कोरडी दिसते म्हणून आपण तिला धान्याच्या रांगेत बसवतो, पण ती तळलेली असते. आधी वाफवतात, मग साधारण 140 ते 160 अंश तापलेल्या तेलात मिनिट-दोन मिनिटं तळतात. त्यात पाणी अगदी थोडं, 2 ते 5 टक्के उरतं, म्हणून बुरशी धरत नाही. तेल मात्र 15 ते 20 टक्के असतं, आणि ते हवा, उजेड आणि उष्णता यांनी खवट होतं. तेव्हा तळणाचा डबा जसा सांभाळता, तसाच हा सांभाळायचा. वर्षानुवर्षं ठेवून देण्याची ही वस्तू नव्हे. न तळता गरम हवेत वाळवलेल्या नूडल्सही मिळतात. त्यांत तेल फार कमी असतं, पण त्या शिजायला जास्त वेळ घेतात, म्हणजे गॅसही जास्त लागतो.

किती घ्यायच्या? दोघांना आठवडाभर रोज एक वेळ धरली तर 70 ग्रॅमची 14 पाकिटं. वजन किलोभर. त्याहून जास्त नको. एका पाकिटातून 300 ते 320 कॅलरी मिळतात आणि प्रथिनं 6-7 ग्रॅमच. नुसत्या नूडल्सवर आठवडा काढायची कल्पना सोडून द्या. प्रत्येक पाकिटामागे मूठभर सोया वड्या (साधारण 25 ग्रॅम) ठेवा, त्यातून 12-13 ग्रॅम प्रथिनं मिळतात. चूल पेटवता येत नसेल तर तेवढेच भाजलेले शेंगदाणे किंवा दोन-तीन चमचे दूध पावडर.

पाण्याचा हिशेब लोक विसरतात. एका पाकिटाला 220 ते 250 मिलिलिटर लागतं, आणि मीठ जास्त असल्यामुळे नंतर तहानही लागते. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज 4 लिटर धरा, म्हणजे दोघांना आठवड्याचे 56 लिटर. पाणी साठवलेलं नसेल तर नूडल्सचा साठा अर्धवटच समजा.

आता ठेवायचं कसं. पाकिटं फोडू नका, तशीच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. पाकिटाचं पातळ प्लास्टिक उंदीर कुरतडतात, काही किड्यांच्या अळ्याही ते पोखरतात. पुठ्ठ्याचं खोकं टाळा, ते दमट होतं आणि त्यात झुरळं घर करतात. डब्यात घालण्याआधी प्रत्येक पाकीट हलकेच दाबून बघा. हवा फुसकन निघाली तर शिवण सुटलेली आहे, ते पाकीट त्याच आठवड्यात खाऊन टाका. जागा गॅसच्या वरची, फ्रिजच्या मागची किंवा उन्हाच्या खिडकीजवळची नको. तापमान 10 अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

आणि आई, कपड्यांच्या कपाटात तर मुळीच नको. डांबरगोळ्या, साबण, फिनेल यांची वाफ पाकिटातून आणि कपात मिळणाऱ्या नूडल्सच्या कपातूनही आत शिरते. जपानमध्ये 2008 साली कप नूडल्समध्ये कीटकनाशक गोळ्यांतलं पॅराडायक्लोरोबेंझीन सापडलं होतं. अशा गोळ्यांजवळ कप ठेवले तर ते रसायन आत उतरतं, हे तेव्हा तपासून बघितलं गेलं. कप आटोपशीर असतात, भांडं धुवावं लागत नाही, पण जागा खूप खातात आणि टिकतातही कमी. चार कप पुरेत, एरवी पाकिटंच बरी.

तारखेचं गणित असं. तळलेल्या नूडल्सच्या पाकिटावर साधारण 8-9 महिन्यांची मुदत असते, पण ते तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले महिना-दोन महिने गेलेले असतात. आणताना निदान 7 महिने शिल्लक असलेलीच घ्या. मग महिन्याला दोन पाकिटं खायची आणि दोन नवी आणून मागे ठेवायची. 14 पाकिटं 7 महिन्यांत फिरून जातात, एकही वाया जात नाही. शिल्लक 6 महिनेच असतील तर महिन्याला तीन खावी लागतील. बाबा, तुम्ही मार्करने मोठ्या अक्षरात महिना आणि वर्ष पाकिटावर लिहा, छापलेली तारीख बारीक असते आणि पुसलीही जाते. जुनं पुढे, नवं मागे, हा क्रम मोडू नका.

मुदत संपल्यावर पाकीट त्याच दिवशी विषारी होत नाही, पण आधी वास घ्या. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, जिभेला कडवट लागलं, तर टाकून द्या. उकळल्याने खवटपणा जात नाही आणि पोट बिघडतं. तेलाची वेगळी पुडी असेल तर ती बहुधा आधी खवटते. वडी चांगली असेल तर तेवढी पुडी फेका. मसाल्याचा गठ्ठा झाला असेल तर ओल शिरली आहे, त्या पाकिटाची वडीही मऊ पडली का ते बघा.

बाबांच्या ब्लड प्रेशरसाठी हे नीट वाचा. एका पाकिटात 800 ते 1200 मिलिग्रॅम सोडियम असू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 2000च्या आत राहायला सांगते. बहुतेक मीठ मसाल्याच्या पुडीत असतं, म्हणून अर्धीच पुडी घाला आणि वरून मीठ नको. थोडं मीठ वडीतही असतं, ते कमी करता येत नाही. आईची शुगर आहे, आणि या बहुतेक मैद्याच्याच असतात, तेव्हा तिने सोया वड्या किंवा शेंगदाणे वगळून नुसत्या नूडल्स खाऊ नयेत. दोघांनीही वडीचे आधी चार तुकडे करावेत. लांब धागे घशात अडकतात, आखूड सहज गिळता येतात.

गॅस वाचवायचा असेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आधी गरम पाणी फिरवून घ्या, मग तुकडे आणि उकळतं पाणी घालून झाकण लावा. 8-10 मिनिटांत होतात. सोया वड्या मात्र वेगळ्या उकळून घ्या. आच अजिबात नसेल तर पिण्याच्या गार पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत घाला. आधीच वाफवलेल्या असल्यामुळे त्या मऊ होतात, चव बेताची लागते. पण इथे पाणी उकळलं जात नाही, म्हणून ते शुद्ध हवंच. फ्रिज बंद असेल तर भिजवलेलं उरवू नका, दोन तासांत संपवा.

डबा कमरेच्या उंचीवर ठेवा, माळ्यावर नको. आत छोटी कात्री, लायटर आणि टॉर्च. भरून झाला की पाकिटांवरच्या तारखा मला फोनवर सांगा, मीही इकडे लिहून ठेवते.

तुमची,
लेक