अंदमानच्या सहलीत एक मोकळा दिवस हवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पर्यटन पुरवणीतील अंदमानवरचा सचित्र लेख वाचला. राधानगर किनाऱ्याचे वर्णन अगदी यथार्थ आहे. त्या वाळूबद्दल, काठापर्यंत आलेल्या उंच झाडीबद्दल आणि पाण्याच्या रंगाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र लेखासोबत चौकटीत दिलेला ‘पाच रात्री, सहा दिवस’ हा कार्यक्रम पाहून राहवले नाही. जवळजवळ हाच कार्यक्रम छापील स्वरूपात हाती घेऊन आम्ही पती-पत्नी गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस एका सहल कंपनीबरोबर कराडहून निघालो होतो आणि सहा दिवसांची ती सहल आठ दिवसांनी कशीबशी संपली.

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हॅवलॉक बेट, चौथ्या दिवशी नील बेट, पाचव्या दिवशी दुपारच्या बोटीने पुन्हा पोर्ट ब्लेअर, त्याच संध्याकाळी सेल्युलर जेल आणि सहाव्या दिवशी सकाळी चेन्नईमार्गे परत, अशी आखणी होती. कागदावर ती सुबक दिसते, परंतु त्यातली एक बोट चुकली की पुढचे सगळे कोसळते. आमची चौथ्या दिवशीची हॅवलॉकहून नीलला जाणारी बोट चुकली नाही, ती निघालीच नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता, समुद्र खवळला होता आणि बंदरातून बोटी सोडणे थांबवण्यात आले होते. हा निर्णय योग्यच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. उधाणात बोट हाका, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल.

त्या तीन दिवसांत आम्ही चार वेळा सामानासह धक्क्यावर गेलो. प्रत्येक वेळी तिकीट खिडकीच्या काचेवर आतून चिकटवलेला एक कागद, बाहेरून ओघळणारे पाणी आणि त्यातून अक्षरे लावत उभी असलेली शे-दीडशे माणसे, एवढेच दृश्य होते. त्यात नावांचा घोळ वेगळा. हॅवलॉकचे २०१८ मध्ये स्वराज द्वीप झाले, नीलचे शहीद द्वीप झाले आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. नव्या नावांना माझा विरोध नाही, पण तिकिटावर एक नाव, सूचनेवर दुसरे आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरे, अशा स्थितीत सत्तरीच्या माणसाने आपली बोट नेमकी कोणती, हे कसे ओळखावे? आमच्या सहल व्यवस्थापकाला विचारले की तो “बघू, कळवतो” म्हणे. हवामान खात्याचा इशारा आदल्या संध्याकाळीच आला होता, हे आम्हाला हॉटेलच्या टीव्हीवरून कळले.

अंदमान आपल्यापासून इतके पूर्वेला आहे की तिथला सूर्य कराडच्या सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. नोव्हेंबरअखेर तिथे पाचच्या आत दिवस बुडतो आणि आभाळ भरून आले असेल तर साडेचारलाच दिवे लावावे लागतात. आपल्याकडे कातरवेळ घटकाभराची असते. तिथे ती साडेचारला सुरू होऊन झोपेपर्यंत पुरली. पावसाच्या आवाजात खोलीत बसून करण्यासारखे काही नव्हते. चेन्नईहून समुद्राच्या तळातून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची केबल २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्यापासून तिथे इंटरनेट बरे चालते, त्यामुळे शेजारणीने व्हिडिओ कॉल लावून आमच्या तुळशीपुढे लावलेली पणती आम्हाला दाखवली. तिचा हेतू धीर देण्याचा होता, पण सौ.च्या डोळ्यांना धारा लागल्या. पूर्वीच्या पर्यटकांना निदान एवढे तरी सोसावे लागत नसावे.

हॉटेलातला आचारी बंगाली होता. त्याची हरभऱ्याच्या डाळीची आमटी गोड असे आणि मऊ भात करून द्या म्हटले तर ‘भात बिघडला असे लोक म्हणतील’, म्हणून तो राजी होईना. सौ.ने अडीअडचणीला म्हणून स्टीलच्या डबीत मेतकूट घेतले होते. तिसऱ्या दिवशी चमच्याच्या दांड्याने डबीची कड खरवडून ते दोघांत वाटून घेतले, जेमतेम दीड चमचा भरले. पर्यटनाला जाऊन घरच्या भाताची आठवण काढणाऱ्यांना लोक हसतात, मीही पूर्वी हसत असे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्याही संपल्या होत्या; त्या मात्र तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रात विनासायास मिळाल्या, हे नमूद केले पाहिजे.

आता पैशाचे. नीलमधल्या आणि पोर्ट ब्लेअरमधल्या खोल्यांचे भाडे आगाऊ दिलेले असल्याने त्या रिकाम्या राहिल्या आणि हॅवलॉकच्या तीन जादा रात्रींचे भाडे हॉटेलने रोजच्या दराने वसूल केले. बोटी बंद असल्यामुळे नवे पर्यटक येऊ शकत नव्हते, म्हणजे आमच्या खोल्यांना दुसरे गिऱ्हाईकही नव्हते, हा मुद्दा मी मांडून पाहिला. विमान निघून गेले होते. नवीन तिकीट काढावे लागले.

सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. आमच्यासारखी मंडळी एवढ्या लांब जातात ती वाळूपेक्षा सेल्युलर जेलसाठी. १९११ पासून दहा वर्षे सावरकरांनी जिथे काढली ती कोठडी, मूळच्या सातपैकी आज उभ्या असलेल्या तीन इमारती, हे सगळे पाहण्यासाठी मी निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षापासून पैसे बाजूला टाकत होतो. सातव्या दिवशी आमची बोट पोर्ट ब्लेअरला लागली तेव्हा अंधार पडला होता आणि दरवाजे बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सीतून जाताना चालकाने गाडी थोडी हळू केली, तेवढीच भिंत दिसली. वीर सावरकर यांचेच नाव असलेल्या विमानतळावर त्यानंतर आम्ही तीन तास बसून होतो.

अशी अडचण नवलाची नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुमारे १४०० पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते आणि त्यांना सोडवण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. नोव्हेंबर-डिसेंबर हा त्या समुद्रात वादळांचा काळ आहे, हे सहल कंपन्यांना ठाऊक असणारच. तेव्हा बेटे आधी, पोर्ट ब्लेअर शेवटी आणि मध्ये एक संपूर्ण दिवस मोकळा, अशी आखणी त्यांनी का करू नये? बोट रद्द झाल्यास खोलीचा आणि विमानाचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे पावतीवर मराठीत छापायला काय हरकत आहे? आणि आपल्या पुरवणीनेही सुंदर छायाचित्रांच्या शेजारी या गोष्टीला चार ओळी द्याव्यात, अशी विनंती आहे.

परत आल्यावर मी कंपनीला लेखी तक्रार दिली. बोटीचे पैसे मिळाले, बाकीच्या रकमेबद्दल उत्तर नाही. मागच्या आठवड्यात पुढील हंगामाचे माहितीपत्रक मात्र घरी आले. त्यातही पाच रात्री, सहा दिवसच आहेत आणि सेल्युलर जेल पाचव्या दिवशी संध्याकाळी.

कळावे,
आपला एक वाचक,
कराड