मराठी प्रबंध शोधले तर सापडले पाहिजेत

संपादक महोदय,

फोंड्यात माझे अक्षरजुळणीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रांच्या कार्यक्रमपत्रिका, नाटकांची हँडबिले यांच्या जोडीने मराठीत एम.ए., पीएच.डी. करणाऱ्यांचे प्रबंधही पेजमेकरच्या काळापासून माझ्याकडे येत आले आहेत. प्रबंधात काय लिहावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण लिहिलेले पुढच्या माणसाला सापडते की नाही, हे माझ्या धंद्यातले आहे. त्याबद्दलच हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी रणमाले या लोकनाट्यावरचे आपले प्रकरण टाइप करून घ्यायला आली. मार्गदर्शकांनी तिला एका जुन्या प्रबंधाचे नाव दिले होते आणि त्याची जाडजूड पीडीएफ तिने पेनड्राइव्हवर आणली होती. "काका, यात 'रणमाले' कुठे कुठे आलंय तेवढं काढून द्याल?" मी शोधखिडकीत शब्द घातला. एकही जागा निघाली नाही. पाने सरकवत गेलो, तर एक आख्खे प्रकरण रणमाल्यावर! मग त्यातलीच एक ओळ उचलून वर्डमध्ये टाकली. पडद्यावर उमटली ती रोमन अक्षरे, त्यांतली काही पोर्तुगीज धर्तीची टोपीवाली, मधूनच पौंडाचे चिन्ह. मराठीचे एक अक्षर नव्हते. ती पोर मग पानन्‌पान वाचत बसली. प्रबंध कुठल्या विद्यापीठाचा हे सांगत नाही, कारण दुखणे एका संस्थेचे नाही.

कारण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षराचे नुसते चित्र रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. कागदावर 'र' छापून येतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतेच काही असते. छपाईसाठी ते फॉन्ट उत्तम होते. त्या काळी दुसरे साधन नव्हते आणि त्यांच्या जिवावर मराठी छपाई संगणकावर आली, याबद्दल मी त्यांचा ऋणीच आहे. पुढे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना वेगळा क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीत, देवनागरीला स्वतःची जागा मिळाली आणि विंडोज २००० पासून 'मंगल' फॉन्ट संगणकाबरोबरच येऊ लागला. पण पाने लावायचे आमचे हत्यार पेजमेकर, आणि त्याला युनिकोड अखेरपर्यंत आले नाही. म्हणून प्रबंध जुन्याच फॉन्टांत होत राहिले. १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले तेही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा गोव्यात नव्हते. ती अडचण खरी होती. आज तशी कुठलीही अडचण उरलेली नाही.

तरीही परिषदांची आणि नियतकालिकांची पत्रके घेऊन लोक येतात तेव्हा त्यांत अजून लिहिलेले असते, 'शोधनिबंध कृतिदेव ०५५ मध्ये पाठवावा'. संपादकांच्या छापखान्याला ते सोयीचे असेल. पण तो निबंध संकेतस्थळावर चढवला की गुगलच्या दृष्टीने तो मराठी राहतच नाही. प्राध्यापकांनी वर्ष वर्ष राबून लिहिलेले असे वाया जाताना मला पाहवत नाही.

प्रबंधांच्या बाबतीत परिणाम आणखी गंभीर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) नियमांप्रमाणे पीएच.डी. जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे द्यावी लागते आणि ती 'शोधगंगा' या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली होते. ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. काणकोणच्या मुलाला नागपूरचा प्रबंध घरबसल्या वाचता येतो, हे आमच्या पिढीने स्वप्नातही पाहिले नव्हते. पण शोधगंगेवर शीर्षक आणि लेखकाचे नाव शोधता येते, आतला मजकूर जुन्या फॉन्टातला असेल तर तो मुका राहतो. त्यातून शीर्षक रोमनमध्ये भरलेले असले की साखळी 'सांक्वेलिम' म्हणून नोंदली आहे की 'सांखळी' म्हणून, याचा अंदाज बांधत बसायचे. त्याच विषयावर आधी काम झाले आहे हे कळत नाही आणि नवा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

साहित्यचौर्याच्या तपासणीचेही तेच. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई आहे. पण एखाद्या संकेतस्थळावरचा युनिकोड मजकूर उचलून कोणी जुन्या फॉन्टात बसवला, तर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्हींत काहीच साम्य दिसणार नाही. प्रामाणिक विद्यार्थ्यावर हा सरळ अन्याय आहे. आणि जे विद्यार्थी डोळ्यांनी पाहू शकत नाहीत, संगणकाकडून वाचून घेतात, त्यांच्या कानी या पीडीएफमधून नुसती रोमन अक्षरांची खडखड पडते. त्यांना मराठीतले संशोधन बंदच आहे म्हणायचे.

कोणी म्हणेल, आता सगळे युनिकोडमध्येच टाइप करतात. बरेच जण करतात, हे खरे. पण पीडीएफ नीट बनवली नाही तर युनिकोडचाही उपयोग होत नाही. जोडाक्षरे तुटतात, रफार गळतात आणि शोध पुन्हा रिकामा. म्हणून माझी विद्यापीठांना कळकळीची विनंती आहे की प्रबंध स्वीकारताना पाने आणि समास मोजता, तशी ही एक चाचणी घ्या. मधलेच एखादे पान उघडा, त्यावरचा जोडाक्षर असलेला एक शब्द शोधखिडकीत हाताने टाइप करा. सापडला तर प्रबंध घ्या, नाही तर विद्यार्थ्याला परत द्या. मिनिटभराचे काम आहे. पीडीएफबरोबर मूळ वर्ड फाइलही मागून ठेवा, आणि सारांश मराठीत, देवनागरीतच नोंदवा.

एक बारीक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. 'गावकऱ्यांचा' या शब्दातला 'ऱ्य' संगणकावर दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण बऱ्याच सॉफ्टवेअरना एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. गोव्याच्या गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्याच्या पानापानावर हे अक्षर येणार. तेव्हा निदान एका प्रबंधात तरी एकच पद्धत ठेवावी आणि ती कोणती हे विद्यापीठाने ठरवून द्यावे.

राहिले ते जुने प्रबंध. ते युनिकोडमध्ये बदलणारी सॉफ्टवेअर आहेत, पण एक कळ दाबली आणि झाले, असे ते काम नाही. 'विद्यार्थी' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी 'व'च्या आधी असते आणि रफार 'थी'च्या नंतर, म्हणजे दिसते त्या क्रमाने. युनिकोडमध्ये वेलांटी 'व'च्या मागून येते आणि रफाराचा 'र' 'थ'च्या आधी जातो. हा क्रम बदलताना चुका राहतात, त्यातही तळटिपा आणि ग्रंथसूचीत जास्त, कारण तिथे मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजी एकत्र असतात. ज्यांच्या केवळ छापील प्रती उरल्या आहेत ते स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून घ्यावे लागतील, आणि मग 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' झालेला कोणीतरी डोळ्यांखालून घालायलाच हवा. मराठी जाणणारा मुद्रितशोधक बसवल्याशिवाय हे होणार नाही. त्याचे मानधन द्यावे लागेल.

पैसा नाही, हे मला पटत नाही. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत केंद्राने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांना मिळतात. योजना चांगली आहे, गरीब विद्यार्थ्यांना तिचा लाभ होतो आहे. पण बाहेरचे ज्ञान विकत घ्यायला इतके खर्चताना आपण स्वतः लिहिलेले शोधता-वाचता येईल असे करायला त्याचा लहानसा अंश तरी वेगळा काढायला हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या नावाने येणाऱ्या निधीतून सोहळे कमी आणि हे काम जास्त व्हावे, असे मला मनापासून वाटते.

यात वेळ दवडून चालणार नाही. प्रबंधांच्या मूळ फाइली विद्यापीठांपेक्षा आमच्यासारख्या डीटीपीवाल्यांकडे अधिक आहेत, म्हापशात, मडगावात, डिचोलीत. त्या सीडींवर आणि जुन्या हार्डडिस्कवर पडून आहेत. गोव्याच्या दमट हवेत सीडीला बुरशी येते, बऱ्याच दुकानांत तर सीडी वाचणारे यंत्रच उरलेले नाही. काही दुकाने बंद झाली, त्यांचा माल भंगारात गेला. मूळ फाइल हाती असेल तर रूपांतर सोपे, ती गेली की स्कॅन आणि ओसीआरची सगळी यातायात आली.

माझ्या दुकानात जुळवलेल्या प्रबंधांच्या ज्या फाइली अजून उघडतात, त्या संशोधकांची लेखी परवानगी असेल तर युनिकोडमध्ये बदलून, मुद्रिते तपासून द्यायला मी तयार आहे. त्याचे पैसे घेणार नाही. इतर दुकानदारांनाही मी विचारले आहे, काहींनी होकार दिला आहे. फाइली ताब्यात घेऊन जपणारी एखादी संस्था, विद्यापीठाचे ग्रंथालय किंवा पाटोचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, पुढे आली तर येत्या चतुर्थीच्या आधी काम सुरू करता येईल.

आपला,
एक अक्षरजुळणीकार, फोंडा