सुरुवात त्लास्कालापासून कर

चि. बाळ हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सातवीला मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांचा पाडाव शिकवायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या जहाजांपासून करू नकोस, त्लास्कालापासून कर.

अ‍ॅझ्टेकांची सरोवरातली राजधानी तेनोच्तित्लान (आजची मेक्सिको सिटी), तिच्या पूर्वेला, डोंगरांपलीकडचं हे लहानसं राज्य. चहूबाजूंनी अ‍ॅझ्टेकांचा मुलूख, तरी कधी जिंकलं न गेलेलं. अ‍ॅझ्टेकांनी त्यांचा व्यापार अडवून धरला होता. मीठसुद्धा मिळणं मुश्कील झालं होतं. १५१९ च्या सप्टेंबरात हे लोक आधी स्पॅनिश फौजेशी नेटाने लढले आणि मग तिच्याशीच हातमिळवणी केली. का केली, ते मुलांनाच शोधू दे. फळ्यावर नकाशा काढ आणि विचार, त्लास्कालाच्या सभेत तुम्ही बसला असतात तर काय सल्ला दिला असतात? सगळा तास त्यात गेला तरी जाऊ दे.

एवढं कळलं नाही, तर पाचशेएक शिपाई नि सोळा घोडे आले आणि लाखोंचं साम्राज्य कोसळलं, एवढंच मुलांच्या लक्षात राहतं. मला ते फार लागतं. त्यात तिथली सगळी माणसं भोळी ठरतात. तेनोच्तित्लानला पडलेल्या १५२१ च्या वेढ्यात कोर्तेसच्या बाजूने लढणारे बहुतेक सगळे तिथलेच होते, हजारोंच्या संख्येने. सरोवरातल्या लढाईसाठी बांधलेल्या १३ नौकांचे भाग त्लास्कालाच्या लोकांनीच डोंगर ओलांडून वाहून नेले. चापुल्तेपेकहून शहरात येणारं गोडं पाणी तोडलं गेलं. जवळजवळ अडीच महिने शहर उपाशीतापाशी झुंजलं आणि १३ ऑगस्ट १५२१ ला अ‍ॅझ्टेकांचा शेवटचा राजा क्वाउतेमोक पकडला गेला.

देवीच्या साथीला वेगळा वेळ ठेव. १५२० मध्ये ती शहरात शिरली. राजा मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला क्वित्लाहुआक तीन महिन्यांच्या आत तिनेच गेला. वेढा पडायच्या आधीच घरोघरी माणसं आजारी पडली होती, भाकरी भाजायलाही कुणी उठू शकत नव्हतं. हा रोग तिथे आधी कधी आलेलाच नव्हता, हे नीट समजावून सांग. नाहीतर मुलांना ती देवाने दिलेली शिक्षा वाटते.

कोर्तेसला त्यांनी क्वेत्झालकोआत्ल देव मानलं, ही गोष्ट एखादं मूल सांगेलच. त्याला गप्प करू नकोस. मात्र कोर्तेसने स्पेनच्या राजाला पाठवलेल्या पत्रांत त्या देवाचं नावही नाही आणि ही कथा काही दशकांनी लिहिली गेली, हे दाखव. मोठ्या वर्गापेक्षा सातवीची मुलंच असे पुरावे जास्त आवडीने तपासतात, हा माझा अनुभव आहे.

नरबळीबद्दल विचारतील, तेव्हा लपवू नकोस. मेक्सिको सिटीत २०१५ मध्ये कवट्यांचा बुरूज उत्खननात सापडलाय. पण त्या एका गोष्टीवर वर्ग रेंगाळू देऊ नकोस. नाहीतर पुढची कत्तल मुलांना आपोआप न्याय्य वाटू लागते.

साहागुन नावाच्या स्पॅनिश पाद्रीने नाहुआ, म्हणजे अ‍ॅझ्टेकांसारखी नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या तिथल्या लोकांमधल्या विद्वानांच्या मदतीने बारा खंडांचा ग्रंथ तयार केला. बाराव्या खंडात हे युद्ध आहे, नाहुआत्ल आणि स्पॅनिश शेजारीशेजारी. त्यातला १५२० च्या तोश्कात्ल सणाचा भाग घे. देवळाच्या आवारात नाचणाऱ्या माणसांवर कोर्तेसचा सरदार आल्वारादो याच्या शिपायांनी तलवारी चालवल्या. बंडाची कुणकुण लागली होती, असं स्पॅनिश बाजू म्हणते. दोन्ही वाचून दाखव, फक्त जखमांचे बारीक तपशील या वयाला नकोत. मोक्तेसुमाच्या मरणाचंही तसंच: स्पॅनिश म्हणतात त्याच्याच लोकांच्या दगडाने गेला, नाहुआ वृत्तांत म्हणतात स्पॅनिशांनी मारला. मुलं उत्तर मागतील. तुलाही मोह होईल, पण देऊ नकोस. कोण काय सांगतंय आणि का, हे वहीत लिहायला लाव.

कोर्तेसची दुभाषी मालिन्त्सिन, तिला 'गद्दार' म्हणून संपवू नकोस. ती विकली गेलेली, मग कोर्तेसला भेट म्हणून दिलेली मुलगी होती. मायांची भाषा आणि नाहुआत्ल दोन्ही तिला येत होत्या. तिला निवडीला वाव किती होता, याचा विचार आधी मुलींना करू दे, मग मुलांना.

आणि शेवटच्या तासाला नाहुआत्ल ऐकव. आजही पंधरा लाखांहून जास्त लोक ती बोलतात. ते कळल्यावर मुलांनी काय विचारलं, ते मला कळव.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई