बाबलास पत्र : ख्रिसमस बेटावर मासे गरवायला जाण्याआधी

सॅन होजे, कॅलिफोर्निया
१२ नोव्हेंबर

प्रिय बाबल,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, "यादी पाठव, मी बॅग भरतो." यादी पाठवलीही असती, पण तिच्यातल्या एकेका वस्तूमागे काहीतरी सांगण्यासारखं आहे आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी सांगून होत नाही. म्हणून लिहायलाच बसलो. सावकाश वाच आणि वहिनींनाही वाचून दाखव, कारण औषधांचं शेवटी त्यांनाच बघावं लागणार.

आधी बेटाविषयी. नकाशात 'किरिटिमाटी' असं शोध. तिथल्या भाषेत 'टी' लिहितात आणि 'स' म्हणतात, म्हणजे उच्चार 'किरिसमास' असा काहीतरी होतो. ख्रिसमसच तो. १७७७ साली कॅप्टन कुक नाताळच्या आदल्या दिवशी तिथं पोचला, तेव्हापासूनचं हे नाव. देश किरिबाटी, आणि याच न्यायानं त्याचा उच्चार 'किरिबास'. पॅसिफिकच्या ऐन मध्यावर, विषुववृत्ताच्या जेमतेम दोन अंश वर, होनोलुलूच्या दक्षिणेला दोन हजार किलोमीटरवर हे बेट आहे. प्रवाळाच्या कंकणाकृती बेटांत जमिनीच्या हिशेबानं जगातलं सगळ्यात मोठं, तरी वस्ती सात-आठ हजारांची. गावांची नावं लंडन, पोलंड, बनाना. १९५७-५८मध्ये ब्रिटिशांनी आणि १९६२मध्ये अमेरिकनांनी या बेटावर आणि आसपास अणुचाचण्या केल्या. लगूनच्या, म्हणजे बेटाच्या आतल्या खाऱ्या तळ्याच्या, त्या शांत, काचेसारख्या पाण्यात उभं राहिल्यावर हे खरं वाटत नाही, पण तिथं जाताना ते ठाऊक असावं असं मला वाटतं.

तिकिटाचं नीट ऐक. माझ्याबरोबर होनोलुलूहून यायचं तर तुला अमेरिकेचा व्हिसा काढावा लागेल, आणि त्या रांगेत आपला मार्च निघून जाईल. त्यापेक्षा मुंबई–सिंगापूर, तिथून फिजीचं नांदी आणि तिथून बेट असा ये. विमान आठवड्यातून एकदाच. ते चुकलं तर आठवडा गेला, म्हणून नांदीला दोन दिवस आधी पोच. त्याच कारणानं विमा साधा नको. आजारी पडल्यास विमानानं हलवण्याचा खर्च देणारा घे. आणि वाराचा घोळ करू नकोस. बेटावरच्या घड्याळात होनोलुलूचीच वेळ असते, पण वार पुढचा. मी एका वारी निघून तीन तासांत पुढच्या वारी उतरणार. तुझ्यासाठी भारतापेक्षा साडेआठ तास पुढे एवढंच.

लॉज म्हटल्यावर डोळ्यांसमोर हॉटेल आणू नकोस. साध्या खोल्या, खाट, पंखा, जेवायला भात, मासे, नारळ. गोडं पाणी तिथं जपून वापरतात, कारण ते पावसाचं किंवा वाळूखाली साठलेलं तेवढंच. तू विहिरीवर रहाट ओढलेला माणूस, तुला हे सांगायला नको. डॉलर मात्र ऑस्ट्रेलियाचे घे आणि रोख घे.

आता मुख्य गोष्ट. तिथं आपण बोनफिश गरवणार. चांदीच्या रंगाचा मासा, बहुतेक किलो-दीड किलोचा, भरतीबरोबर गुडघाभर पाण्यात चढतो आणि नाक वाळूत खुपसून किडे-कुर्ल्या शोधतो. त्याचे खवले आरशासारखे. वर आभाळ, खाली पांढरी वाळू, आणि तो दोन्ही दाखवतो. म्हणजे स्वतः दिसतच नाही. मागच्या खेपेला पहिल्या दिवशी गाइड मला सांगत होता, "अकरा वाजता, चाळीस फूट!" आपल्या समोर बारा वाजलेत असं धरून तो दिशा सांगतो. मी अकरा वाजता बघत होतो आणि मला वाळूशिवाय काही दिसत नव्हतं. दोन तास असेच गेले. मग त्यानं मला माझा काळा गॉगल काढायला लावला आणि स्वतःचा दिला. तांबूस काचेचा, पोलराइज्ड. पाण्यावरची चकाकी पुसल्यासारखी गेली. "मासा बघू नकोस, सावली बघ," तो म्हणाला. आणि खरंच, वाळूवरून एक करडी रेघ सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. तिच्या वर बघितलं तेव्हा मासा दिसला. म्हणून सांगतो, पैसे वाचवायचे तर बुटांत वाचव, पॅन्टीत वाचव, चष्म्यात नको. तुझ्या नंबरच्या काचा करून घे, तांबूस रंगाच्या, आणि दुकानदाराला 'पोलराइज्ड' हे दोनदा सांग.

बुटांत वाचव म्हणालो खरा, पण बूट हवेतच. तू देवबागच्या पुळणीवर अनवाणी वाढलास आणि अजूनही वाळूत चप्पल घालत नाहीस, तरी इथं ऐक. प्रवाळाचा ओरखडा साधा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी फुगतो. मागच्या खेपेला माझा डावा घोटा असाच चिडला. मी जखम धुतली नव्हती, "समुद्राचं पाणी लागलंय ना" म्हणून सोडून दिली, आणि शेवटचे दोन दिवस पाय वर घेऊन खोलीत बसलो. म्हणून जाड तळाचे, घोट्यावर चढणारे बूट, आत जाड मोजे. ओरखडा पडलाच तर गोड्या पाण्यानं आणि साबणानं घासून धुवायचा, वर औषध. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नकोस, वाळूतून सरकवत चाल. वाघळी वाळूत पुरून बसलेली असते, पाय घासत आला की ती आपणहून निघून जाते. हे तुला कर्लीच्या खाडीत लहानपणीच शिकवलंय, पण उत्साहात माणूस विसरतो.

रॉड मी पाठवतोय. आठ नंबरचा, चार तुकड्यांत सुटतो, तो हातातल्या सामानात आण. गऱ्या आणि पक्कड मात्र चेक-इनच्या बॅगेत, नाहीतर विमानतळावर काढून घेतील. रीलवर लाइन चढवूनच पाठवीन. ती उष्ण पाण्यासाठीची आहे, थंड प्रदेशातली लाइन तिथल्या उन्हात मऊ पडते. तिच्यामागे दोनशे यार्ड बारीक दोरा आहे. एवढा कशाला, हे पहिला मासा धावला की कळेल.

फेकण्याचं तंत्र आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्या गरीला शिसं असतं, शिसं दोरीला ओढत नेतं. इथं गरीला पिसं आणि केस बांधून केलेली कोळंबीएवढी 'फ्लाय' असते, तिला वजन जवळजवळ नाहीच. वजन लाइनला. त्यामुळं लाइन आधी मागे फेकायची, ती पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. या थांबण्यातच सगळं आहे. मी इथं सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात जातो. तिथं फेकण्याच्या सरावासाठी काँक्रीटचे तीन तलाव बांधलेत, त्यात मासा एकही नाही. दोन वर्षं जातोय आणि अजून घाई होते. तू रोज अर्धा तास पुळणीवर कर. गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांध. सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात नको, दुपारी तीननंतर खारा वारा सुटतो तेव्हा कर. बेटावर पूर्वेचा वारा दिवसभर असतो. चाळीस फूट, वाऱ्यात, दोन फेकीत. एवढं जमलं की पुरे.

आणि आता तुला एक गोष्ट सांगतो, ती मला तिथं उभं राहून सुचली. मासा फ्लाय तोंडात घेतो तेव्हा इथले लोक सवयीनं रॉड वर उचलतात. नदीतल्या ट्राउटला ते चालतं. बोनफिशला रॉड उचललास की गरी तोंडातून सुटते. रॉड खालीच ठेवायचा आणि डाव्या हातानं लाइन सरळ मागे खेचायची. ही सवय लागावी म्हणून इथले लोक वर्षानुवर्षं धडपडतात. मला जमलं ते तिसऱ्या माशाला, आणि जमलं तेव्हा क्षणभर मी होडीच्या काठावर होतो, तंगूसाचा दोरा बोटावर, तुझे दादा मागे बसलेले. आपण आयुष्यभर हेच तर केलं! रॉड नव्हताच, हातानंच झटका. तुझा हात तयार आहे, बाबल. गाइडला पहिल्याच दिवशी कळेल की हा माणूस कुठल्यातरी किनाऱ्यावरून आलाय.

फोनवर तू विचारलंस, धरून सोडायचा तर धरायचाच कशाला, आणि मी उत्तर टाळलं. प्रश्न खरा आहे, मलाही तो होता.

मागच्या खेपेला तिसऱ्या दिवशी मला मोठा बोनफिश लागला, तीन किलोच्या पुढचा. दोनदा शंभर-शंभर मीटर धावला. जवळ आणला तेव्हा माझे हात कापत होते. मी तो कोरड्या हातांनी उचलला, छातीशी धरला, गाइडला फोन दिला. पहिला फोटो उन्हाविरुद्ध आला, म्हणून दुसरा. दुसऱ्यात माझे डोळे मिटले, म्हणून तिसरा. मग सोडला. तो आधी कलंडला, मग सावरला आणि हळूहळू निघाला. वीस पावलं गेला असेल नसेल, बाजूनं मोरी आली, चार फुटी शार्क, पराचं टोक काळं. पाणी एकदा ढवळलं आणि वाळूवर थोडं लाल पसरून विरून गेलं. गाइड काही बोलला नाही. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि लाइन गुंडाळायला लागला. तो फोटो माझ्याकडे आहे. मी कुणाला दाखवलेला नाही.

त्या रात्री मला दादा आठवले. गरीला बारीक तांबोशी आली की हात पाण्यात बुडवून, मगच ती सोडवायचे आणि म्हणायचे, "तिका वाढांदे." हात का बुडवतात हे आपण कधी विचारलं नाही. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताला निघून येतो, म्हणून. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि मी ते डोळ्यांनी बघून विसरलो होतो. म्हणून गरीचा काटा पकडीनं दाबून टाकायचा, हात ओले करायचे, डोकं पाण्यातच ठेवायचं आणि जवळपास मोरी असेल तर ती जाईपर्यंत थांबायचं. फोटो नाही आला तर नाही.

आणि सोडायचा का, तर तो मासा त्या लोकांचा आहे म्हणून. ते बोनफिश खातात, आपल्यासारखीच मासे खाणारी माणसं आहेत. त्यांच्या राजधानीच्या बेटावर, तारावाला, जाळ्यांमुळं आणि बेटं जोडणाऱ्या बंधाऱ्यांमुळं हा मासा फार कमी झाला. ख्रिसमस बेटावर तो अजून आहे आणि कित्येक घरांची चूल गाइडच्या कामावर चालते. एलईडीचे दिवे लावून आणि पर्ससीनची मोठी जाळी टाकून मासे धरणाऱ्यांमुळं आपल्याकडच्या, किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या रापणीचं काय झालं ते तू रोज बघतोस, तुला मी काय सांगणार. तुला खायला मासे लॉजवर भरपूर मिळतील. फक्त खडकातला मोठा गोब्रा किंवा तांबोशी गाइडला विचारल्याशिवाय खाऊ नकोस. प्रवाळाच्या पाण्यात अशा माशांत कधीकधी एक विष साठतं, ते शिजवून जात नाही, आणि बाधलं तर थंड गोष्टी गरम लागायला लागतात.

राहिलेलं भराभर. पूर्ण बाह्यांचे पातळ शर्ट तीन, रुंद काठाची टोपी, मान झाकणारं कापड, बोटं उघडी असलेले हातमोजे. ऊन वरूनही येतं आणि पाण्यातूनही. बी.पी.च्या गोळ्या दुप्पट, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. ओआरएसची पाकिटं. वहिनी सोलं देणार असतील तर पॅकबंद दे म्हणावं, आणि फिजीच्या फॉर्मवर ते लिहायचं, लपवायचं नाही. आंबा, लोणचं नको. संध्याकाळी आलो की रॉड, रील, पक्कड गोड्या पाण्यानं पुसायची, कितीही दमलो असलो तरी.

भरतीचं वेळापत्रक मी काढलंय. आपल्यासारखी दोन-अडीच मीटरची भरती तिथं नाही, उधाणालाही जेमतेम मीटरभर. पण त्या मीटरभरात सगळं लगून बदलतं, सकाळी चाललेल्या वाटेवर दुपारी होडी जाते. ते बघून तू काय म्हणतोस याची मला फार उत्सुकता आहे.

एक काम लगेच कर. बूट मी इथून घेणार आहे. संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, जाड मोजा घालून कागदावर पाऊल ठेव आणि वहिनींना पेन्सिलीनं आखायला सांग. दोन्ही पायांचं. तुझा उजवा मोठा आहे, शाळेत असताना बुटांचा जोड घेताना दरवेळी तोच अडायचा. कागदाशेजारी पट्टी ठेवून फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनू