शैले, घर विकून बोट घेतली त्याची हकीकत

मार्केट हार्बरो,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय शैला,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "मेधे, डोकं ठिकाणावर आहे ना?" पासून "पुढच्या वर्षी विमान घ्याल" पर्यंत सगळा ऐकला, आणि अविनाशलाही ऐकवला. तो हसून हसून खोकला. फोनवर उत्तर द्यायचं तर तू मला एक वाक्य पुरं करू देणार नाहीस, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलेय. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तू जिला होडी म्हणतेस तिला इथे नॅरोबोट म्हणतात. पोलादी असते. आमची ५७ फूट लांब आहे आणि रुंदी फक्त ६ फूट १० इंच. तुमच्या रेल्वे क्वार्टरचा व्हरांडा आठव आणि त्याला मागे डिझेल इंजिन बसवलंय असं समज. पुढून आत शिरलं की बसायची जागा आणि शेगडी, मग स्वयंपाकघर, मग न्हाणीघर, मग पलंग, की संपली बोट. एकाला मागे जायचं असेल तर दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. अविनाशला ते अजून नीट जमत नाही.

इतकी अरुंद का, तर अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनियरने मध्य इंग्लंडातल्या कालव्यांची लॉक, म्हणजे बोट वर-खाली करायचे दोन्हीकडे दारं असलेले पाण्याचे हौद, सात फुटी ठेवली. ती आजही तशीच आहेत. रुंद बोटीही मिळतात, अगदी फ्लॅटसारख्या, आणि अविनाशचा जीव एकीवर जडलाही होता. पण आमच्या कालव्याच्या लेस्टरकडे जाणाऱ्या फाट्यावर फॉक्स्टन आणि वॉटफर्ड या दोन ठिकाणची लॉक अरुंद आहेत. रुंद बोट घेतली असती तर दक्षिणेकडचा रस्ताच बंद. अडकून पडायचं होतं तर घर काय वाईट होतं?

घराचं म्हणशील तर आमची लेक सई नोकरीला लागून एडिंबराला गेली, आणि आम्ही दोघं चार खोल्या गरम करत बसायचो. घर विकलं, कर्ज फेडलं, उरले त्यातले ५५ हजार पौंड बोटीत घातले. रोख. बोटीला घरासारखं कर्ज मिळत नाही, आणि मिळालंच तर व्याज बघून माणूस बुडी मारेल. तुझ्या भाऊसाहेबांनी विचारलंय ना, "गुंतवणूक म्हणून कशी?" त्यांना सांग, वाईट. घराची किंमत वाढते, बोटीची गंजते. खाली जमीन नाही आणि कागदाचं म्हणशील तर बोटीला सातबारा नसतो. विक्रीची पावती, आधीच्या मालकांचे कागद आणि बोटीवर कुणाचं कर्ज नाही याची खातरजमा, एवढ्यावर मालकी. यात फायदा आहे म्हणणाऱ्याला एक तर बोट विकायची असते नाही तर त्याने नुकतीच बोट घेतलेली असते. मी दुसऱ्या गटातली असून तुला हे सांगतेय, तेव्हा विश्वास ठेव.

बोट मिळाली ब्राउन्स्टनजवळ, नॉर्दम्प्टनशरमध्ये. १९९८ ची बांधणी. आतून लाकडी, पितळी, पडदे-बिडदे, बघणाऱ्याने भुलावं अशी. पण अविनाश कितीही बोटीच्या प्रेमात पडला तरी रेल्वेच्या फोरमनची मुलगी मी, मला खालचं लोखंड बघायचं होतं. बोट पाण्याबाहेर कोरड्या गोदीत घेतली आणि आम्ही नेमलेला सर्व्हेयर आला. पासष्टीचा असेल, गुडघ्यांना पॅड बांधलेला. आधी खरवडणीने शेवाळ आणि काळं डांबर वीतभर चौकोनात काढायचं, खालचं लोखंड चकचकीत झालं की त्याला जेल लावायची, अल्ट्रासाउंडचा डोळा टेकवायचा आणि आकडा खडूने तिथेच लिहायचा. माझी सोनोग्राफी करतानासुद्धा डॉक्टर इतकी लक्ष देऊन बघत नव्हती. नवी असताना तळ १० मिलिमीटर, बाजू ६ आणि वरची केबिन ४, ही नेहमीची मापं. खडूचे आकडे येत गेले: ५.८, ५.७, ५.७. मग मागच्या बाजूला, नेमकं पाणी जिथे हवेला भेटतं त्या रेषेवर त्याने हातोडी उलटी धरून टोकाने टोचायला सुरुवात केली. मसूर मावेल एवढे खड्डे होते. खोली मोजली, दीड मिलिमीटर. विमा कंपन्यांना साधारण ४ च्या खाली गेलेलं लोखंड चालत नाही, तेव्हा आम्ही काठावर पास होतो. खड्डे वेल्डिंगने भरून घेतले, पाण्यातल्या गंजाने बोटीऐवजी ज्यांना खावं असे मॅग्नेशियमचे ठोकळे बाजूंना नवे लावले, दोन हात डांबर मारून घेतलं, आणि हा सगळा खर्च मालकाने किमतीतून कमी केला. ते डांबर दर दोन-तीन वर्षांनी मारायचं. कितीही गोड बोट असली तरी सर्व्हेचे पाच-सातशे पौंड वाचवू नयेत, हे माझं मत आता इथे जो विचारेल त्याला ऐकवते. न विचारणाऱ्यालाही.

बोट घरी आणली ती एप्रिलच्या शेवटी. "घरी" म्हणजे लेस्टरच्या बाजूला. वेग ताशी चार मैल, त्याच्या वर जायला बंदी, त्यामुळे काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या आजी आम्हाला मागे टाकून जायच्या आणि पुढच्या पुलावर थांबून हात करायच्या. वॉटफर्डला वर चढलो की फॉक्स्टनपर्यंत वीसेक मैल एकही लॉक नाही. शेतं, मेंढ्या आणि किलोमीटरहून लांब असे दोन बोगदे, ज्यांत वरून पाणी टपकून अविनाशच्या टकलावरच पडत होतं. मग फॉक्स्टन. तिथे १८१४ सालापासून दहा लॉकची उतरंड आहे, पाच आणि पाच, ७५ फूट खाली. एका लॉकचं खालचं दार तेच पुढच्याचं वरचं दार. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, विंडलास नावाची वाकडी दांडी फिरवून झडप उघडायची, पाणी खाली जातं तशी बोट भिंतींमधून खाली बसत जाते. इथे प्रत्येक जागी एक लाल आणि एक पांढरी झडप असते. आधी लाल, मग पांढरी. उलट केलंस तर पाणी मावत नाही, बाहेर वाहतं. आणि सुकाणूवाल्याने बोट पुढेच ठेवायची, कारण मागच्या दारापाशी पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो. मागचा भाग त्यावर टेकला आणि पुढचा खाली जात राहिला तर बोट उभी होऊन बुडते. अविनाश सुकाणूवर, मी दांडी घेऊन दारांवर. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझं प्रत्येक वाक्य पहिल्यांदा ऐकून त्याने तसंच वागायचा हा पहिलाच प्रसंग.

आता पाणी. शैला, हे सगळं पत्र खरं तर मला यासाठी लिहायचं होतं.

पुढे टाकी आहे, पाचशे लिटरची. कालव्यात ठरावीक अंतरावर नळ असतात, तिथे बोट लावायची, पाइप जोडायचा, तासभर भरायची. दोघांना आठ-दहा दिवस पुरते. बोटीवर नवीन येणारी इंग्लिश मंडळी पहिल्या आठवड्यात शॉवर घेता घेता टाकी कोरडी करतात आणि मग त्यावर मोठं चिंतन करतात, की पाणी किती मौल्यवान आहे, आपण किती वाया घालवत होतो वगैरे. मी मान हलवते. मनात म्हणते, बाई गं, आमच्या मनमाडला वाघदर्डी धरणाचं पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी यायचं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भांडी विसळलेलं संडासात, आणि पिंप भरलं की तुझी आई झाकणावर दगड ठेवायची. मला इथे काही शिकावं लागलं नाही. बादली-तांब्याने आंघोळ सुरू केली आणि आठ दिवसांची टाकी बारा दिवस जायला लागली. शेजारच्या बोटीवरचा म्हातारा मला "प्रो" म्हणतो.

मजा पुढेच आहे. कालव्यालाही टाकीच आहे. बोट एका अरुंद लॉकमधून उतरली की लाखभर लिटर पाणी वरून खाली जातं, ते आपणहून परत वर येत नाही. वॉटफर्ड ते फॉक्स्टनच्या वरच्या सपाट भागाला ते पाणी नेसबी, सल्बी आणि वेलफर्डच्या तलावांतून मिळतं. यंदा इंग्लंडात वसंत ऋतू कोरडा गेला, मग उन्हाळा तसाच, आणि तलावांनी तळ दाखवले. उत्तरेकडचे कित्येक कालवे महिनोन्महिने बंद झाले, आमच्याकडेही लॉकवर बंधनं आली. आम्ही वेळेत उतरलो होतो म्हणून वाचलो. काही जण बोटीत बसून चिखल बघत होते. मनमाडमधून सुटून मी कुठे आले बघ, पाण्यावर राहते आणि पाण्याची वाट बघते.

संडासाचं विचारायला तू लाजलीस, पण आवाजावरून कळलं. कॅसेट असते, वीसेक लिटरची, बॅगेसारखी ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी जाऊन ओतायची, धुवायची. तीन दिवसांनी एकदा. हे काम अविनाशचं. लग्नात त्याने दिलेली वचनं मी आता नव्याने वाचून घेतली आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. कालवे आणि नद्या मिळून दोनेक हजार मैल कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. त्यांचा परवाना, विमा आणि दर चार वर्षांनी गॅस-वायरिंगची सुरक्षा तपासणी, ही तीन कागदं हवीत. परवान्याचेच वर्षाला हजाराच्या वर पौंड जातात. कायमची जागा भाड्याने घेतली नाही तर १९९५ च्या कायद्याने एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. नुसतं मागे-पुढे करूनही चालत नाही, खरोखर फिरावं लागतं. माझी नोकरी आठवड्यातून तीन दिवस आहे, म्हणून आम्ही रेल्वे स्टेशनांच्या हिशेबाने फिरतो, आणि हिवाळ्यापुरती ट्रस्टकडून इथे जागा घेतलीय, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सोअर नदीवर हिवाळा काढायचा नाही हे पक्कं ठरवलंय. गेल्या जानेवारीत तिला जो पूर आला तो मी टीव्हीवर पाहिला, तेवढा पुरे. ऑगस्टमध्ये मात्र लेस्टर शहरातून त्या नदीवरून गेलो. बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा अडकला म्हणून इंजिन बंद करून अविनाशने मागच्या झाकणातून खांद्यापर्यंत हात घातला आणि देवीची लाल चुनरी बाहेर काढली, जरीकाठासकट. थोडं पुढे नारळ तरंगत होता. परदेशात आपलं माणूस भेटावं तसं मला झालं. अविनाशला झालं नाही.

विजेचं मात्र अजून अंगवळणी पडलेलं नाही. छपरावर सोलर आहे, उन्हाळ्यात फुकट मजा. नोव्हेंबरात सूर्य नावापुरता, मग बॅटऱ्या भरायला रोज दोनेक तास इंजिन चालवायचं, तेही रात्री आठ ते सकाळी आठ नाही, शेजाऱ्यांची झोप असते. त्यामुळे मिक्सर इंजिनच्या वेळापत्रकावर चालतो. इंजिन सुरू झालं की मी चटणी, वाटण, इडलीचं पीठ सगळं एका दमात काढते. फोडणीला धुराचा अलार्म हमखास कोकलतो. कुकरच्या वाफेने खिडक्या आतून वाहतात, गादीखाली ओल धरते. कोळशाच्या शेगडीपाशी मे महिना आणि पलंगापाशी महाबळेश्वर. विषारी वायूचा अलार्म असावाच लागतो, आणि थंडी वाजते म्हणून छपराची हवेची भोकं बंद करायची नाहीत, कितीही मोह झाला तरी.

पूर्वी इथे कोळसा वाहणाऱ्यांची कुटुंबं मागच्या दहा फुटांच्या केबिनमध्ये पोराबाळांसकट राहायची. रेल्वे आली, मालवाहतुकीची भाडी पडली, काठावरचं घर परवडेना म्हणून बायका-पोरं बोटीवर आली. म्हणजे आपल्या वडिलांच्या खात्याची करणी. हे वाचल्यापासून मी जागा कमी पडते अशी तक्रार बंद केलीय, निदान मोठ्याने.

सुखी आहेस का, असं तू शेवटी विचारलंस. हो. गुडघे चालतात तोवर. मग विकू, तोट्यात. दोघांनी बसून हे आधीच ठरवलंय, त्यामुळे तू काळजी करू नकोस आणि सईलाही भरवू नकोस.

मेमध्ये ये. भाऊसाहेबांना आण, फक्त त्यांची उंची सांग, छत सहा फुटांच्या जरा वर आहे. मोठी सुटकेस आणू नकोस, ठेवायला जागा नाही. मऊ बॅग आण. घसरणार नाहीत असे बूट आण. फॉक्स्टनला तुझ्या हातात दांडी देते.

मावशींना साष्टांग नमस्कार. त्यांना बोटीचं सांगितलं असशील तर कॅसेटचं सांगू नकोस.

तुझी,
मेधा

ता. क. तुझ्याकडचा तो छोटा लोखंडी खलबत्ता मिळेल का? बॅग जड होईल, पण इंजिन बंद असताना आलं-लसूण कुटायची फार पंचाईत होते.