इसोन्य बसच्या काचेतून दिसत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला इटलीच्या आओस्ता खोऱ्यावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे आणि भाषाही चांगली आहे, याबद्दल वाद नाही. पण ‘इथले किल्ले महामार्गावरूनच छान दिसतात, सगळे साधारण सारखेच, प्रत्येक ठिकाणी उतरण्यात वेळ घालवू नये’ हा सल्ला वाचून राहवलं नाही. असा सल्ला ऐकणाऱ्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

2017 मध्ये मी आणि माझी धाकटी बहीण एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो. माझ्या वडिलांचं साताऱ्यात शिवणकामाचं दुकान होतं. या खोऱ्यातल्या इसोन्य गावच्या किल्ल्यात पाचशे वर्षांपूर्वीचं शिंप्याच्या दुकानाचं भित्तिचित्र आहे, असं मी कुठेतरी वाचलं होतं. सहलीच्या कार्यक्रमात ‘आओस्ता खोऱ्यातील ऐतिहासिक किल्ल्यांचे दर्शन’ असं छापलेलं होतं, म्हणून मी चार कंपन्यांमधून हीच निवडली. प्रत्यक्षात बस महामार्गावर कुठे थांबलीच नाही. माइकवरून आवाज आला, ‘उजवीकडे व्हेरेस, डावीकडे इसोन्य.’ मी पुढे जाऊन विचारलं तर व्यवस्थापक म्हणाला, ‘मावशी, दर्शन लिहिलंय, प्रवेश लिहिलेला नाही.’ पुढे एका चॉकलेटच्या दुकानाशी मात्र दीड तास थांबलो आणि मग बोगद्यातून फ्रान्समध्ये उतरलो. घरी आल्यावर कंपनीला दोन पत्रं पाठवली. आजतागायत उत्तर नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले, या वेळी तुरीनला शिकणाऱ्या भाचीबरोबर. इव्हरेयाला गाडी बदलली, व्हेरेसला उतरलो आणि दोरा बाल्तेआ नदी ओलांडून इसोन्यला चालत पोचलो. बाहेरून हा किल्ला गावातल्या एखाद्या मोठ्या घरासारखाच वाटतो. महामार्गावरून पाहणाऱ्याला त्यात काहीच सापडणार नाही, कारण जे आहे ते सगळं आत आहे. अंगणात लोखंडी डाळिंबाच्या झाडाचं कारंजं आहे. झाडाला फळं डाळिंबाची आणि पानं ओकची. अंगणालगतच्या ओवरीत, कमानीखालच्या अर्धगोलांत, बाजार भरलेला आहे : भाजीवाले, फळवाले, औषधांच्या बरण्या मांडलेला वैद्य, खाटीक, भट्टीवाला, पहाऱ्यावरचे शिपाई आणि शिंपी. शिंप्याच्या दुकानात मोठ्या पाटावर कापड पसरून ते कापणं चाललं आहे. मी तिथे किती वेळ उभी राहिले ते सांगता येणार नाही. शेवटी भाचीने हात धरला. पंधराव्या शतकाच्या अखेरीला जॉर्ज द शालां या धर्माधिकाऱ्याने हा किल्ला नव्याने उभारला आणि आपल्या प्रवेशद्वाराशी सरदारांच्या लढायांऐवजी बाजारातल्या माणसांना जागा दिली. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता ‘सगळे सारखेच’ याबद्दल. त्याच शालां घराण्याचा व्हेरेसचा किल्ला नदीपलीकडे उंच खडकावर आहे. तो एकसंध चौकोनी ठोकळा आहे, प्रत्येक बाजू सुमारे 30 मीटर. त्यात रंगरंगोटी नाही, आहेत त्या जाड भिंती आणि भिंतीलगत चढत जाणारा भव्य दगडी जिना. फेनिसचा किल्ला सपाट जमिनीवर आहे. त्याला दुहेरी तट आणि अनेक बुरूज आहेत आणि आतल्या चौकात जिन्याच्या डोक्यावर ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज रंगवलेला आहे. बार्दचा किल्ला तर एकोणिसाव्या शतकात नव्याने बांधलेला. 1800 च्या मे महिन्यात त्याच्या जुन्या रूपाने नेपोलियनची वाट सुमारे पंधरवडा अडवली होती. त्या किल्ल्याच्या पायथ्याचं बार्द हे गाव म्हणजे जेमतेम एक गल्ली आहे, आणि ती चालत गेलं की जवळच दोनासला रोमनांनी खडक तासून काढलेला रस्ता आणि त्यातली दगडी कमान पाहता येते. रस्त्यावर चाकांच्या चाकोऱ्या अजून आहेत. लेखात या दोन्ही गावांचा उल्लेखही नाही. मी सातारची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढले. कुणी मला सज्जनगड आणि प्रतापगड सारखेच म्हणाला तर मी त्याला हात धरून दोन्हीकडे घेऊन जाईन.

फार दिवस नकोत. लेखकाने खोऱ्याला अर्धा दिवस दिला आहे. दोन दिवस दिले तर इसोन्य, व्हेरेस आणि बार्द निवांत होतात, आणि आओस्ता शहरातली ऑगस्टसच्या नावाची कमान, रोमन नाट्यगृहाची उंच भिंत आणि सांत’ओर्सोचा मठही पाहून होतो. मुख्य म्हणजे सहलीचे पैसे भरण्याआधी ‘दर्शन’ आणि ‘प्रवेश’ यातला फरक लेखी विचारून घ्यावा. हे वाक्य आपल्या लेखात असायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट. लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखाली ‘फेनिसचा किल्ला’ असं आहे. छायाचित्र व्हेरेसचं आहे. खडकावरचा चौकोनी ठोकळा, त्यात फेनिसचा एकही बुरूज नाही. मागच्या महिन्यात आपल्याच अंकात एका गडाच्या छायाचित्राखाली दुसऱ्या गडाचं नाव होतं, तेव्हाही मी लिहिलं होतं आणि माझं पत्र छापताना नेमका तोच परिच्छेद गाळला गेला. या वेळी हा परिच्छेद राहू द्यावा आणि पुढच्या रविवारी योग्य नावासह दुरुस्ती छापावी, ही विनंती.

कळावे,
आपली एक वाचक, सातारा