स्किल लॅबला कुलूप, वर्गात मालिका: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. हयात कॅज्युअल्टीत आणि मेडिसिन वॉर्डात गेली. मुलगी राज्यातल्या एका नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिला अजून तिथंच परीक्षा द्यायच्या आहेत, आणि प्रात्यक्षिकाचे मार्क कुणाच्या हातात असतात हे मी सांगायला नको.

गेल्या रविवारी ती घरी आली होती. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या पेशंटची छाती दाबायची ती पद्धत, शिकवला म्हणाली. मी जमिनीवर उशी टाकली, म्हटलं दाखव. पोरीनं कोपर वाकवून पोळी लाटावी तशी उशी लाटली. कुणी शिकवलं? तर कुणीच नाही. वर्गात प्रोजेक्टरवर अमेरिकन मालिकेची क्लिप लावली, हजेरी घेतली आणि सर निघून गेले.

साहेब, मालिकेत कोपर वाकतात कारण समोर पडलेला नट जिवंत असतो. खरा जोर दिला तर बिचाऱ्याच्या बरगड्या जातील. पेशंटच्या छातीवर मात्र हात सरळ ठेवून, खांद्यातून, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावं लागतं. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचा दम निघतो, म्हणून माणूस बदलायचा असतो. मॉनिटरवर सरळ रेषा आली की शॉक द्यायचा, असंही मुलीच्या डोक्यात पक्कं बसलंय. सरळ रेषेला शॉक देत नाहीत, हे आमच्या वॉर्डातल्या मावशींनाही ठाऊक होतं.

प्रवेशाच्या वेळी पालकसभेत आम्हाला शब्द दिला होता की दिवाळीपर्यंत स्किल लॅब, म्हणजे माणसाच्या पुतळ्यांवर (डमींवर) हात बसवायची खोली, सुरू होईल. दिवाळी गेली, होळी गेली. लॅबची फीत कापून झाली, फोटो छापून आले, डमी खोक्यांत आहेत आणि दाराला कुलूप आहे. कारण विचारलं तर म्हणे डमी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सरकारी टिकाऊ सामानाच्या वहीत, चढलेत, मोडतोड झाली तर वसुली कुणाकडून करायची! म्हणजे डमी मरू नये म्हणून कुलूप, आणि पेशंट? त्यांची नोंद डेडस्टॉकला होत नाही, एवढाच काय तो फरक.

मालिका दाखवायला माझा विरोध नाही. जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात प्रा. युर्गेन शेफर यांनी 2008 पासून 'हाउस' या डॉक्टरवरच्या अमेरिकन मालिकेवर विद्यार्थ्यांचा वर्ग चालवला. 2012 मध्ये त्यांच्याकडे हृदय निकामी होत चाललेला एक पेशंट आला, कारण सापडत नव्हतं. कृत्रिम खुब्यातल्या धातूमधून कोबाल्ट रक्तात उतरत होतं. तसाच प्रसंग मालिकेत होता, म्हणून त्यांना लगेच संशय आला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पण तिथं मालिकेच्या शेजारी प्राध्यापक उभा असतो, मागे प्रयोगशाळा असते, पुढ्यात पेशंट असतो. आपल्याकडे यातली फक्त मालिका आयात झालीय.

नुसती मालिका काय शिकवते, तेही बघा. 1996 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन मालिकांमधले सीपीआरचे 60 प्रसंग मोजले. त्यात 75 टक्के पेशंट तिथल्या तिथं वाचले, 67 टक्के घरी गेले. खऱ्या वॉर्डात, सगळं हाताशी असताना, पाचातला एखादा घरी जातो. कॅनडात तर शिकाऊ डॉक्टर श्वासनळीत नळी घालताना पेशंटची मान चुकीची ठेवत होते. चौकशीत टीव्हीचं नाव निघालं.

आणि कळस ऐका. संवादकौशल्याच्या तासालाही, ज्याला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग 'एटकॉम' म्हणतो, त्याच 'हाउस'ची क्लिप. जो डॉक्टर पेशंटला भेटायचं टाळतो, तोंडावर अपमान करतो, खिशातून गोळ्या काढून खातो, तो आमच्या पोरांना संवाद शिकवणार! ओपीडीत सून हळूच म्हणते, 'अंगावरून जातंय', आणि शेजारी सासू उभी असते. सून पुढं बोलत नाही. अशा वेळी सासूला केसपेपर काढायला खिडकीकडे पाठवायचं, मग पडदा ओढायचा, मग विचारायचं. हे कुठल्या सीझनमध्ये आहे? हे मला एका म्हाताऱ्या सिस्टरनं शिकवलं. आता मुलांना शिकवायला मुलीच्या कॉलेजच्या वॉर्डात सिस्टरच नाहीत. आहेत त्या कंत्राटी, एकेकीकडे चाळीस पेशंट. मेडिसिनला प्राध्यापकांची निम्मीअधिक पदं रिकामी, हा हिशोब मुलांनी दारावरच्या पाट्या बघून केलाय. खोटा असेल तर खात्यानं खरा छापावा.

9 ऑक्टोबर 2024 ला एका दिवसात राज्यात दहा कॉलेजांचं उद्घाटन झालं, सगळ्या मिळून नऊशे जागा. टाळ्या आम्हीही वाजवल्या. भाताच्या शेताचा तुकडा विकून मी पोरीला हॉस्टेलला ठेवलंय. रात्रपाळ्यांनी पायाच्या शिरा फुगल्यात, दोन जिने चढवत नाहीत. पण डॉक्टरची आई होणार म्हणून मिरवत होते. प्राध्यापकांनी कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून हजेरी लावायची, म्हणजे शिकवणं झालं? तपासणीच्या दिवशी खोटे प्राध्यापक, खोटे पेशंट उभे करतात, हे 2025 मध्ये सीबीआयनं गुन्हे नोंदवल्यावर तरी सगळ्यांना कळलं. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 साली 24 तासांत 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं. तेव्हा एका खासदारानं अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास धुवायला लावला. टीव्हीवर दिवसभर तेच दृश्य. औषधं कुठं होती, माणसं कुठं होती, ते दाखवायला कुणाला वेळ झाला नाही. मालिका तिथंही, साहेब.

मागणी काय, म्हणाल. लॅबचं कुलूप निघू द्या आणि डमी मोडले तर मोडू द्या, मोडण्यासाठीच ते असतात. प्रत्येक मुलाचे हात डमीवर कुणीतरी जाणत्यानं एकदा तरी तपासावेत. क्लिप दाखवायचीच तर सर वर्गात थांबावेत आणि मुलांकडून चुका काढून घ्याव्यात. चुका काढायला याच्याइतकं चांगलं साहित्य नाही. निवृत्त सिस्टरना तासावर बोलवा. मी येईन, मानधन नको, एसटीचं तिकीट चालेल.

'आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे' असं उत्तर मात्र धाडू नका. त्या किल्लीचा ताबा कुणाकडे आहे, तेवढं हुद्द्यासकट कळवा.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका

ता. क. माझ्या वेतन फरकाची फाइल अडकली आहे. रुग्णालय आरोग्य खात्याकडून तुमच्या खात्याकडे गेलं, आणि माझी फाइल दोन्ही खाती एकमेकांकडे ढकलतायत. जमलं तर तीही बघा.